बाबानं भरलेली बंदूक

भरमार मामाजींच्या मागून कुणी चालत नसे आणि समोरून कुणी येत नसे. त्यांच्या खांद्यावर बंदूक असे आणि ती भरलेली असे. गावातले जुने लोक सांगत की ती तीस वर्षांपासून भरलेलीच आहे आणि या तीस वर्षांत एकदाही उडालेली नाही. मामाजी स्वतःही काही लपवून ठेवत नसत. रस्त्यात कुणी भेटलं की राम राम घालायच्या आधी बजावत, "बाजूनं चाल बापू, भरलेली हाय." त्यामुळे बाजारात असोत, पोळ्याच्या तोरणाखाली असोत की कुणाच्या लग्नाच्या मांडवात असोत, मामाजींच्या भोवती चार हात जागा मोकळी असायची. पंगतीतसुद्धा त्यांच्या दोन्ही बाजूंच्या पत्रावळी रिकाम्या राहत आणि वाढणारा लांबूनच वरण ओतून पुढे सटके.

मी त्या गावाला तलाठी होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझं वय चोवीस, घर भंडाऱ्याला, आणि पहिलीच नेमणूक आंबागडाच्या पायथ्याकडच्या या पट्ट्यात. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली मंडळी अजून आहेत आणि या गोष्टीतला पंचनामा त्यांना पाठ आहे. चावडीसमोरच मामाजींचं कौलारू घर होतं. त्यांचं खरं नाव सातबाऱ्यावर होतं आणि बहुधा तिथेच होतं, कारण सरपंचापासून कोतवालापर्यंत सगळे त्यांना भरमार मामाजी म्हणत. भरमार म्हणजे तोंडाकडून भरायची जुनी बंदूक. आमच्याकडे शेतकऱ्याला धानाच्या राखणीसाठी परवाना मिळे तो हिचाच. हिला काडतूस नसतं. बारूद, चिंधी, छर्रे असा सगळा संसार वरून नळीत घालायचा, गजाने ठासायचा, मागच्या बारक्या नळीवर तांब्याची टोपी बसवायची आणि चाप ओढून घोडा पाडायचा. एकदा उडाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ही सुरुवात मामाजी कुणालाही, केव्हाही शिकवायला तयार असत. पण बंदूक तर भरलेली, मग शिकवायचं कशावर? तर मामीजींच्या चुलीच्या फुंकणीवर. मामाजी ओट्यावर मांडी घालून बसत, फुंकणीच्या एका तोंडाला अंगठा लावत आणि बारदीच्या जागी चुलीतली राख, छर्ऱ्यांच्या जागी लाखोरीच्या कडधान्याचे दाणे आणि गजाच्या जागी मोडक्या छत्रीची काडी घेऊन धडा सुरू करत. "पयले बारूद," ते म्हणत, "मंग बोळा. मंग छर्रे. मंग आखरीचा बोळा. टोपी सर्वाइच्या मागून. हा नंबर चुकला का खेळ खतम." ठासतानाही त्यांचा कायदा होता. गज सोडला की तो आतून उसळून पुन्हा हाताला लागला पाहिजे, तेव्हाच बोळा बसला असं धरायचं. घाई केलेली त्यांना खपत नसे. "घाईनं भरलेली बंदूक आन् घाईनं केलेली सोयरीक, दोन्ही मालकाच्याच तोंडावर फुटते," असं ते बजावत. महिन्याभरात मला फेरफार नीट लिहिता येत नव्हता, पण फुंकणी मी उत्तम भरत होतो.

मामीजींचं या शिक्षणाबद्दल वेगळं मत होतं. त्या स्वयंपाकघरातून विचारत, "चूल पेटवाची हाय का गाव उडवाचं हाय? माही फुंकणी कोठी हाय?" मग फुंकणी तशीच भरलेली आत जाई. एकदा त्यांनी तपासून न पाहता तोंडाला लावली. पहिल्या फुंकेला हवा जाईना, म्हणून त्यांनी छाती भरून दुसरी मारली, तेव्हा बोळा, लाखोरी आणि राख असं सगळं चुलीवरच्या वरणात जाऊन पडलं. मामाजी ओट्यावरून मला हळूच म्हणाले, "चला साहेब, आपल्या घरची एक त उडाली." वरण त्या दिवशी आम्ही गाळून खाल्लं.

मामाजी खोटं बोलत नसत. यात साधुत्वाचा भाग कमी आणि धंद्याचा जास्त होता. "भरलेलीले रिकामी मनलं का मानूस मरते," एवढा साधा हिशेब होता तो. परवान्यावर शिक्का घ्यायला दरवर्षी बंदूक घेऊन तालुक्याला, तुमसरला, जावं लागे. एसटीत कंडक्टर नवा असला की विचारायचा, "रिकामी आहे ना हो?" मामाजी सांगत, "नाही जी, भरलेली हाय." मग ते खिशातून टोपीची डबी काढून समजूत घालत, "पन टोपी लावली नाही तवरिक हे लाकूड समजा. टोपी लावेपर्यंत बंदूक आपली, टोपी लावली का आपन बंदुकीचे." हे तत्त्वज्ञान ऐकून घ्यायला कुणी थांबत नसे. पुढच्या थांब्यावर अर्धी गाडी उतरून जाई. गावातली काही हुशार माणसं मग तालुक्याची कामं मामाजींच्या शिक्क्याच्या दिवसापर्यंत राखून ठेवत. मीही दोनदा तुमसरला बसून गेलो तो त्यांच्याच कृपेने.

एकदा दुपारी मी त्यांना म्हटलं, "मामाजी, एकदा उडवून का टाकत नाही? म्हणजे तुम्ही मोकळे आणि गावही मोकळं." मामाजी सुपारी कातरत होते, त्यांचा हात थांबला.

"बाबानं भरलेली हाय," ते म्हणाले.

त्यांचे बाबा म्हणजे मालगुजारीच्या काळातले नावाजलेले भरणारे. मालगुजाराकडे, म्हणजे गावच्या जमीनदाराकडे, शिकारीला पाहुणे उतरले की त्यांच्या बंदुका भरायला बाबांना बोलावणं यायचं, तेही बैलगाडी पाठवून. त्यांनी भरलेली बंदूक कधी फुसकी गेली नाही आणि कधी फुटलीही नाही, असं पार करडी गावापर्यंत लोक सांगत. अशाच एका थंडीत त्यांनी संध्याकाळी ओट्यावर बसून घरची बंदूक भरली, खुंटीला टांगली, "उद्या पाहू डुकराइले" म्हणाले, आणि सकाळी उठलेच नाहीत. "घरात बाबाचा फोटो नाही साहेब," मामाजी म्हणाले. "कपडे देऊन टाकले. खाटही मोडली. त्याच्या हातची आखरीची गोष्ट हे नळीत हाय. उडवली का गेली." एवढं बोलून ते पुन्हा सुपारी कातरू लागले. मी तो विषय परत काढला नाही.

बंदूक उडवायची नाही म्हटल्यावर धानाची राखण मामाजी तोंडाने करत. दिवस कलला की ते बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, माळ्यावर चढत, डुकरांवर बंदूक रोखत, एक डोळा मिटत आणि "ठाय" असं ओरडत. सुरुवातीच्या काळात डुकरं पळाली असतील. पुढे त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पोरांना काहीतरी समजावून सांगितलं असावं, कारण माझ्या वेळेला ती मान वर करून ऐकत आणि पुन्हा लोंब्यांना लागत. नुकसानीचा पंचनामा करायला मीच जाई. नुकसान कशाने, तर रानडुक्कर. बंदूक आहे काय, तर आहे. भरलेली आहे काय, तर आहे. यापुढे साहजिकच जो प्रश्न येतो तो मी कधी विचारला नाही.

मग निवडणूक आली. निवडणुकीच्या आधी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. याआधीच्या जमादाराला मामाजी दर खेपेला सांगत की भरलेली आहे आणि तो दर खेपेला "माहीत आहे" म्हणून कोपऱ्यात ठेवून घेई. पण या वेळी जमादार नवा होता आणि त्याचा नियमांवर विश्वास होता. गावोगावच्या बंदुकांची यादी तपासायला मला तिथे बसवलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

"रिकामी आहे?" जमादाराने विचारलं.

"नाही जी. भरलेली हाय."

जमादार खुर्चीवरून उठून कपाटाच्या मागे गेला आणि तिथून म्हणाला, "भरलेलं हत्यार जमा करता येत नाही. रिकामं करून आणा."

"मी त तीस वर्सांपासून भरलेलीच जमा करून राहिलो."

हे वाक्य मामाजींनी बोलायला नको होतं. जमादाराने आधीच्या सगळ्या निवडणुकांचं रजिस्टर मागवलं. त्याला वाटलं होतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असेल. म्हणून मामाजींनी त्याला पुरावा दाखवला. त्यांनी गज नळीत सोडला. रिकाम्या बंदुकीत गज तोंडाबरोबर बुडतो, आत काही असलं तर तेवढा वर राहतो. तो चार बोटं वर राहिला. "दुसऱ्याले सहा बोटं लागते," मामाजी अभिमानाने म्हणाले, "बाबा चारातच भागवे. हात आवरता होता त्याचा." जमादाराने कपाटामागूनच निकाल दिला. तीन दिवसांत रिकामी बंदूक जमा झाली नाही, तर परवाना रद्द आणि बंदूक जप्त.

मामाजी घरी येऊन ओट्यावर बसले ते जेवायलाही उठेनात. उडवावी तर बाबा गेला, न उडवावी तर बंदूक आणि बाबा दोन्ही सरकारात जमा. मी चार गोष्टी सांगून पाहिल्या, पण तलाठ्याचं कोण ऐकतो? शेवटी मामीजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तीस वर्सं झाले, मामंजी नळीत अडकून हायेत. आता मोकळं करा ना त्याहिले." मामाजी मला म्हणाले, "ठीक हाय. पन हवेत नाही उडवनार. बाबानं डुकरासाठी भरली होती, डुकरावरच जाईन."

मला वाटलं, सुटलो. पण जमादाराने सांगितलं, निवडणूक जाहीर झाल्यावर गोळीबाराला बंदी आहे. म्हणजे भरलेली बंदूक जमा करता येत नव्हती आणि रिकामी करायची तर उडवता येत नव्हती. मी सायकल काढून कचेरी गाठली. तिथल्या साहेबांनी तासभर परिपत्रकं चाळली आणि त्यांना एक फट सापडली. परवाना पीक संरक्षणाचा असल्याने पिकात शिरलेल्या जनावरावर बार काढता येईल. मात्र पीक उभं असावं, जनावर प्रत्यक्ष पिकात असावं, पंच हजर असावेत आणि वेळ दिवसाची असावी. धान तर कापून झाला होता. नशिबाने आमच्याकडे धान उभा असतानाच त्यात लाखोरी शिंपतात, त्यामुळे बांधीत वीतभर हिरवी लाखोरी होती. ते झालं पीक. जनावराचा रकाना राहिला होता, तिथे मी साहेबांच्या सांगण्यावरून लिहिलं: रानडुक्कर, एक, अपेक्षित.

यात पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो. मामाजी, मी, जमादार, शालिक कोतवाल, दोन पंच, आणि मामाजींची बंदूक उडणार हे कळल्याने पाठोपाठ आलेलं सगळं गाव. डुक्कर दिवसा का येईल, असं कुणी विचारलं नाही, कारण आदेशात दिवसा लिहिलं होतं. मामीजींनी जपून ठेवलेली सूपभर मोहफुलं लाखोरीत पसरून दिली. मोहाच्या वासाने दुपारी कुणाच्या तरी दोन म्हशी आल्या आणि पंचांनी उठून त्यांना हाकलल्या. मामाजींच्या शेताची इतकी चांगली राखण आजवर झाली नव्हती. संध्याकाळी जमादाराने लिहिलं की जनावर गैरहजर.

तिसरा, म्हणजे शेवटचा दिवसही तसाच चालला होता. लोक कंटाळून घरून भात मागवून जेवले. जमादार धुऱ्यावर आडवा होऊन घोरू लागला. ऊन उतरायला लागलं तेव्हा नाल्याच्या बाजूने एक एकटा, म्हातारा, प्रचंड रानडुक्कर चालत आला. जमलेल्या गावाकडे त्याने एकदा पाहिलं आणि मोहफुलांशी जाऊन उभा राहिला. शालिकने जमादाराला हलवून उठवलं. जमादाराने टोपी डोक्यावर चढवली, डुकराची वेळ नोंदवली आणि दोन्ही कानांत बोटं घातली. त्याचं पाहून गावाने घातली.

मामाजींनी डबीतून टोपी काढली. बंदुकीवर टोपी चढवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. ओठांतल्या ओठांत "बाबा" म्हणाले आणि त्यांनी चाप ओढला.

टप्.

टोपी वाजली, बाकी काही नाही. डुकराने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मामाजींनी दुसरी टोपी लावली. टप्. तिसरी लावली. टप्. कानांत बोटं असल्यामुळे जमादार मोठ्याने विचारत होता, "झालं का? झालं का?" डुकराने शेवटचं मोहफूल वेचलं, लाखोरीचे दोन घास घेतले आणि आल्या वाटेने सावकाश निघून गेला. पंचनाम्यात पुढे लिहिलं गेलं की सदर जनावर स्वखुशीने परत गेले.

मी उठायला गेलो तर मामाजी म्हणाले, "कोनी हालाचं नाही. बारूद कवा कवा इचार करते." बंदुकीचं तोंड डोंगराकडे करून ते बसून राहिले आणि त्यांच्यासोबत जमादारासकट अख्खं गाव अर्धा तास न हलता, न बोलता बारदीचा विचार पूर्ण व्हायची वाट पाहत बसलं. सूर्य आंबागडाकडे झुकला. बारदीने काही मनावर घेतलं नाही. जमादार घड्याळ पाहू लागला. दिवस मावळला की मुदत संपत होती.

"आता काढाच लागन," मामाजी म्हणाले.

उडत नसलेली भरमार उपसायची रीत असते. आधी आतली बारूद भिजवून मारायची, मग गजाच्या टोकाला पेच लावून बोळे ओढून काढायचे. मामाजी धुऱ्यावर बसले. त्यांनी टोपीची बारकी नळी फिरवून काढली, त्या भोकातून लोट्याने पाणी सोडलं, बंदूक हलवली आणि वाकडी केली. "काळं पानी येईन," ते मला म्हणाले. पाणी गंजाने थोडं लालसर आलं. त्यांनी पुन्हा पाणी घातलं. ते स्वच्छ आलं.

मामाजींनी गजाला पेच लावला आणि हळूहळू फिरवत पहिला बोळा ओढून काढला. मग बंदूक उलटी केली तेव्हा मांडीवरच्या दुपट्ट्यात छर्रे सांडले. मग दुसरा बोळा आला. तो धोतराच्या चिंधीचा होता आणि अजून पांढरा होता. मामाजींनी तो बोटांनी उलगडून पाहिला. बारदीवर तीस वर्षं बसलेला बोळा काळाठिक्कर असायला हवा होता. त्यांनी गज पुन्हा नळीत सोडला. तो तोंडाबरोबर बुडाला. आत दुसरं काहीच नव्हतं.

आधी कुणाला कळलं नाही. मग शालिक कोतवालाच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हंजे बारूदच नोहोती?" तो म्हणाला. "मंग आमी तीस वर्सं कायले बाजूनं चाललो?" एक पंच हसला, मग दुसरा, मग गाव हसू लागलं. गावातल्या दोन पिढ्यांनी बोळ्याला आणि मूठभर छर्ऱ्यांना भिऊन रस्ता सोडला होता. जमादारही हसला. मीही हसलो, इतका की डोळ्यांत पाणी आलं. एवढा नामी भरणारा, मालगुजाराची बैलगाडी ज्याला न्यायला यायची, आणि तो बारूदच घालायला विसरला.

मामाजी हसत नव्हते. तो पांढरा बोळा त्यांच्या तळहातावर होता. हळूहळू हसणं थांबलं.

"बाबा बारूद इसरला," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे. "बाबा नाही इसरत. त्याले झोपेत भर मनलं तरी पयले बारूदच पडन." मग म्हणाले, "त्याले बरं नोहोतं. त्या सांजलेच बरं नोहोतं. मी बाजूले बसून होतो. त्याच्यासंग बोलून राहिलो होतो. त्याचा नंबर चुकला आन् मले दिसलं नाही."

मामीजी गर्दीतून पुढे आल्या आणि त्यांच्या शेजारी धुऱ्यावर बसल्या. जमादाराने टोपी काढून हातात घेतली. बंदूक त्याने स्वतः उचलली, आणि रजिस्टरात 'रिकामी' एवढंच लिहिलं. कारणाच्या रकान्यावर त्याची लेखणी थांबली तेव्हा मी त्याला नको म्हणून खुणावलं. त्याने तो रकाना कोरा सोडला.

मी चावडीवर परत आलो, पण माझं कशात लक्ष लागेना. महिन्याभरापूर्वी भंडाऱ्याहून माझ्या बाबांचं पाकीट आलं होतं. बाबा हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायचे आणि त्यात माझ्या आधीच्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका सांगायचे. त्या पाकिटावर पत्ता ठसठशीत होता, तिकीट सरळ होतं, कडा डिंकाने नीट चिकटवलेल्या होत्या, आणि आत काहीच नव्हतं. मी ते पाकीट चावडीवर दाखवून सगळ्यांना हसवलं होतं. त्यानंतर पत्र आलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. निवडणुकीचं काम आहे, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्जही न देता पहिल्या गाडीने भंडाऱ्याला गेलो. बाबांनीच दार उघडलं आणि विचारलं, "पत्र मिळालं का रे?" मी हो म्हटलं. "मग उत्तर का नाही लिहिलंस?" ते म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. चहाचं भांडं स्टोव्हवर होतं, स्टोव्ह पेटवलेला नव्हता, आणि ते शेजारी उभे राहून उकळी यायची वाट पाहत होते. आई म्हणाली, "वय झालं त्यांचं, दुसरं काय." मी त्याच दिवशी त्यांना नागपूरला नेलं. मेंदूत गाठ होती. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर उशीर झाला असता तर हात लावता आला नसता. ऑपरेशननंतर बाबा सहा वर्षं जगले आणि सहाही वर्षं त्यांनी माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या.

त्यांना घरी आणल्यावर मी गावी परतलो तेव्हा निवडणूक केव्हाच संपली होती. बंदूक मामाजींना परत मिळाली होती आणि खुंटीला टांगलेली होती. मामीजींनी चहा दिला. मी ओट्यावर बसून मामाजींना सगळं सांगितलं. रिकामं पाकीट, न पेटवलेला स्टोव्ह, नागपूर, डॉक्टर काय म्हणाले ते. धुऱ्यावर त्या संध्याकाळी ते बोलले नसते तर मी गेलो नसतो, हेही सांगितलं. मामाजी ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढून डोळे पुसले.

"मंग लागली म्हना बाबानं भरलेली," ते म्हणाले. "उशिरा लागली, पन लागली."